शून्य धुराची गाडी

देवसिंगच्या पिकअपला वर्ष झाले आणि ती धूर सोडत नाही, हे सरकारदरबारी सिद्ध करणे त्याला भाग पडले. काम सोपे होते, कारण ती खरेच सोडत नव्हती. तांड्यावरची जुनी जीप विकून ही नव्या मानकांची गाडी त्याने घेतली ती बायकोसाठी. सुखीबाईला दमा. जीपमध्ये बसली की आर्णी येईस्तोवर बिचारी खोकून खोकून अर्धी व्हायची. नव्या इंजिनात डिझेलची फवारणी अशी जबर दाबाने आणि इतकी बारीक होते, की थेंबन् थेंब जळून जातो. कपाशीवरच्या पंपाचे नोझल त्यापुढे म्हणजे नळाची तोटी!

आर्णीच्या तपासणी केंद्रात घनश्यामने धुराड्यात नळी घातली, कम्प्युटर पाहिला आणि मान हलवली.

"भाऊ, गाडी चालू करा."

"चालूच हाय जी."

"कम्प्युटर गाडी बंद हाय म्हणून राह्यला. धूर शून्य, म्हणजे इंजिन बंद. बंद गाडीले प्रमाणपत्र कसं देऊ?"

देवसिंगने त्याचा हात धरून थरथरत्या बॉनेटवर ठेवला.

"मले पटलं हो," घनश्याम म्हणाला, "पण कम्प्युटरले हात नाई."

बाप्पा! आणि उद्या तर सुखीबाईला यवतमाळला डॉक्टरकडे न्यायचे होते. प्रमाणपत्राशिवाय गाडी रस्त्यात अडकली असती. घनश्याम मनाने दयाळू. शेजारच्या गॅरेजातून जळक्या ऑइलचा डबा त्याने स्वतः आणला.

"डिझेलमंदी टाका थोडं. नियमात बसन एवढाच धूर पायजे."

देवसिंगचा जीव तुटला, पण टाकले. गाडीने ठसका दिला आणि राखाडी धूर आला, अगदी मर्यादेत. कम्प्युटरने तत्काळ प्रमाणपत्र दिले. खाली पर्यावरणरक्षणाबद्दल आभारही छापले होते.

घरी पोचेस्तोवर नोझल पुरते चोंदले आणि धूर राखाडीचा काळा झाला. दुसऱ्या दिवशी सुखीबाई पदर तोंडाला लावून कशीबशी बोलली, "काहून जी, हे तर जीपवानीच करून राह्यली!"

"पास झाली ना," देवसिंग म्हणाला आणि त्याला रडूच फुटले.

वाटेत पोलिसाने अडवले. नाकाला रुमाल लावून त्याने प्रमाणपत्र वाचले आणि अदबीने गाडी सोडली.

यवतमाळ रस्त्यावर तुम्ही कधी त्या काळ्या लोटामागे सापडलात, तर देवसिंगला खुशाल शिव्या घाला. फक्त त्याआधी एवढे आठवा, की तुमच्या गाडीच्या तपासणीत नळी धुराड्यात गेली होती, की नुसता नंबर प्लेटचा फोटो निघाला होता? आणि "वा, लवकर झालं!" म्हणून तिथल्या घनश्यामची पाठ कोणी थोपटली होती?