बेटावरचं घर, बायकोच्या नावावर

आमच्या ह्यांच्या हातून आजवर एकही कागद चुकीचा गेलेला नाही. हे माझं मत नाही, त्यांचंच आहे. मिलच्या टाइम ऑफिसात उभी हयात गेली, शेकडो कामगारांची हजेरी मांडली, त्यामुळे जगातला कुठलाही फॉर्म दिसला की पंढरीनाथरावांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. बायको काही सांगायला लागली की तोच हात वर्तमानपत्राकडे जातो.

मिल बंद पडली, केस रेंगाळली आणि अखेर एकदाचे हक्काचे पैसे हातात आले. सोबत नोटीसही आली की दिवाळीच्या आत क्वार्टर खाली करा. म्हणजे पैसे होते, पण डोक्यावर छप्पर राहणार नव्हतं. मी चपला झिजवून विजय नगरात दोन खोल्यांचा फ्लॅट शोधला. नळाला पाणी, स्वयंपाकघराला खिडकी, आणि आमच्या पैशात अगदी बेतानं बसणारा. ह्यांनी फक्त जाऊन बयाणा द्यायचा होता. एवढं एक काम मी पुरुषमाणसावर सोपवलं.

संध्याकाळी हे परतले ते बयाण्याचे पैसे तसेच खिशात ठेवून आणि एक चकचकीत पुस्तिका काखेत मारून. त्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर बंटी नावाच्या गृहस्थानं काचेचं ऑफिस थाटलं होतं. तो परदेशातली घरं विकायचा.

"अगं चारू, विजय नगरात काय ठेवलंय? आख्खं इंदूर तिथं घर घेतंय. आपण समुद्राकाठी घेऊ. किराया डॉलरमध्ये येणार, आणि त्या किरायात आपण इथे ठाठात राहणार."

"आणि दिवाळीत कुठे राहणार?"

"तू नं, छोटी सोच सोड आता. सरकारनं बाहेर पैसे पाठवायची छूट दिलीये."

सरकारनं छूट दिली होती हे खरं. सोबत अक्कल वाटायचं मात्र राहून गेलं होतं.

शेवटी एका बेटावरचं घर ठरलं. त्या बेटाचं नाव मी लिहीत नाही, उगाच आणखी एखादी फी लागायची. घर एकाच खोलीचं, म्हणून स्वस्त होतं. महाग होतं ते त्याच्या भोवतीचं सगळं. स्टॅम्प ड्यूटी होतीच, पण आम्ही परदेशी म्हणून ती जास्त. परदेशी माणसाला घर घ्यायला परवानगी लागते, तिची वेगळी फी. परवानगीचा अर्ज त्यांच्या भाषेत हवा म्हणून अनुवादक. अनुवाद खरा आहे हे सांगायला वकील, आणि वकिलाची सही खरी आहे हे सांगायला नोटरी. दर आठवड्याला बंटी एक नवा खर्च घेऊन यायचा आणि वर चहा पिऊन जायचा.

"ये तो नॉर्मल है भाभीजी. फॉरेनर का थोड़ा ज़्यादा लगता है."

"फॉरेनर कोण?"

"आप लोग."

मिलच्या क्वार्टरच्या ओट्यावर तांदूळ निवडता निवडता मी फॉरेनर झाले.

मग ह्यांचं डोकं चाललं. ते एकदा चाललं की आवरायला आख्खी आळी लागते. "भिया," हे बंटीला म्हणाले, "रजिस्ट्री बायकोच्या नावावर करू. बाईच्या नावावर ड्यूटी कमी लागते."

"ती आपल्याकडे," मी म्हटलं. "तिथे लागते का कमी? आधी विचारा तरी."

"रजिस्ट्री म्हणजे रजिस्ट्री. ती काय देश बघून होते?"

बंटीला यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं. पण माहीत नाही म्हणणं त्याच्या धंद्यात बसत नसावं. "हाँ हाँ, लेडीज़ का तो हर जगह चलता है." मी सह्या केल्या आणि बेटावरची मालकीण झाले. ड्यूटी एका पैशानंही कमी झाली नाही.

महिन्याभरात बेटाच्या कर खात्याचं पत्र आलं. पैसे नवऱ्याच्या खात्यातून आले, घर बायकोच्या नावावर झालं. अर्थात एका परदेशी माणसानं दुसऱ्या परदेशी माणसाला घर भेट दिलं. भेटीवर कर लागेल, आणि हे प्रकरण मिटेपर्यंत घर किरायानं देता येणार नाही, विकताही येणार नाही. इकडे गणपती बसले होते आणि मिलवाले क्वार्टरच्या भिंतींवर 'खाली करा'च्या खुणा मारायला लागले होते.

हे भडकले. "नवराबायकोत कसली आलीये भेट? मी हिला लग्नानंतर आजवर काही म्हणजे काही दिलेलं नाही."

"ऐसा लिख के दे सकते हो भाईसाब?" बंटीनं विचारलं.

लिहून द्यायचं म्हटल्यावर हे कशाला मागे राहतात? शपथपत्र तयार झालं. 'विवाहानंतर मी पत्नीस कोणतीही भेटवस्तू दिलेली नाही.' साक्षीदार म्हणून शेजारच्या शांतामावशींना बोलावलं. त्यांनी सगळं वाचून घेतलं आणि विचारलं, "यात साडी धरलीये का?"

"कोणती साडी?" हे म्हणाले.

"तेच म्हणतेय मी," मावशी म्हणाल्या, आणि झोकात सही ठोकली.

बेटाच्या सरकारनं शपथपत्र मान्य केलं. घर भेट नाही, तर मग तो पत्नीच्या कामाचा मोबदला असला पाहिजे, असं त्यांनी कळवलं. पत्नीनं पतीसाठी कोणतं काम केलं ते लिहावं, त्यावर आयकर बसेल. परदेशी दरानं.

"काम?" हे पत्रावरून नजर उचलून म्हणाले. "ही कुठे काम करते? ही तर घरीच असते."

मी त्या वेळी त्यांच्याच पोळ्या लाटत होते. खरं सांगते, मला रडू आलं. लग्न झाल्यापासून माझ्या कामाला काम म्हणणारं पहिलं माणूस भेटलं, तेही समुद्रापलीकडे आणि तेही वसुलीला आलेलं. मला तर तो कर भरून टाकावासा वाटला.

पण बंटीनं आकडे मांडले आणि भेटच स्वस्त निघाली. आता ह्यांना आधीचं म्हणणं मागे घेऊन नवा कागद द्यायचा होता. मजकूर वकिलानं पाठवला: 'हे घर मी माझ्या पत्नीस प्रेमापोटी भेट दिले आहे.'

ह्यांनी तो कागद एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला. मला वाटलं, माणूस विरघळला. मग त्यांनी बंटीला बाजूला घेतलं. आमचं क्वार्टर केवढं, त्यात बाजू ती कितीशी असणार!

"भिया, अनुवादक शब्दावर पैसे घेतो ना? यातलं 'प्रेमापोटी' काढलं तर?"

"नहीं निकलेगा भाईसाब. प्रेम के बिना कागज़ रिजेक्ट हो जाएगा."

शब्द राहिला. प्रकरण मिटताच मी मालकीण या नात्यानं ते घर फुंकून टाकलं. भेटीचा कर, विकण्याचा कर, सगळं त्या पैशातूनच कापलं गेलं. उरल्यात विजय नगर बसलं नाही. दिवाळीच्या तोंडावर छत्रीबागेत दीड खोली घेतली, स्वयंपाकघराला खिडकी नसलेली.

आता भांडण झालं की हे ऐकवतात, "तुझ्यावरच्या प्रेमाचे मी रोख पैसे मोजलेत." मोजले गेलेत, मी कुठे नाही म्हणते? फक्त घर माझं होतं आणि कर त्याच्याच पैशातून गेला, म्हणजे तेही मीच भरलेत.