चार राजे आणि एक देठ

महात्मानगरात गर्ग्यांच्या दिवाणखान्यात दर रविवारी दुपारी पोकर चालायचा, आणि तो बेदाण्यांवर चालायचा. खेळ शिकवला होता पुण्याला नोकरी करणाऱ्या शौनकने, म्हणजे गर्ग्यांच्या मुलाने. अटी मात्र इंदिराबाईंच्या. पैसा लावायचा नाही ही पहिली. आणि दुसरी, "एका वेळी एकच बेदाणा वाढवायचा. घर आहे हे, रेसकोर्स नाही." बेदाणे वरच्या मजल्यावरचे सावळीराम आहेर आणायचे, त्यांच्या भावाच्या पिंपळगावच्या बागेतले. खेळ संपला की ते धुऊन शिऱ्यात पडायचे, त्यामुळे हरणाऱ्यालाही वाटीभर काहीतरी मिळायचंच.

या एका बेदाण्याच्या मर्यादेने गंगाधरराव गर्ग्यांचा फार छळ मांडला होता. त्यांना पानं छान यायची. पण एका बेदाण्यासाठी डाव कोण सोडणार? पाचही जण शेवटपर्यंत चिकटून बसायचे आणि त्यातला कोणीतरी नको त्या पानावर ढीग ओढून न्यायचा. शेवटी त्यांनी शौनकला फोन केला.

"अरे, दोन एक्के हातात होते माझ्या! आणि आहेरवहिनी दुर्रीवर जिंकल्या!"

"बाबा, एवढे लोक डावात असले की दोन एक्क्यांना कोण विचारतं? पण खरंच भारी पानं आली ना, तर लपवत बसू नका. दरवेळी वाढवा. सोडणार कोणीच नाही, म्हणजे सगळे भरणार. ढीग तुमचाच."

गंगाधररावांनी हे मनावर घेतलं. कारण येणारा रविवार साधा नव्हता. दिवाळीनंतरच्या त्या रविवारी चहाच्या वेळी ज्याचा ढीग सगळ्यात मोठा, त्याने हिवाळ्याची सहल ठरवायची, असा रिवाजच पडून गेला होता. आहेरांनी एकदा सगळ्यांना मिसळ खायला नेलं होतं. समोरच्या अमोलने वॉटरपार्कला नेलं, तिथे गंगाधररावांचा चष्मा पाण्यात गेला तो गेलाच. त्यांना स्वतःला मात्र कित्येक वर्षं एकच जागा हवी होती. पहाटेचं नांदूरमध्यमेश्वर. धुकं, पाणी, पक्षी, आणि कोणीही काहीही न बोलणं.

आणि त्या रविवारी, उन्हं कलत असताना, चहाआधीच्या शेवटच्या डावात त्यांच्या हातात दोन राजे आले.

इंदिराबाई मेथी निवडता निवडता खेळत होत्या. आहेरांनी टेबलावरच्या, सगळ्यांच्या सामाईक पाच पानांतली पहिली तीन उलटली. नव्वी, सत्ती आणि राजा.

"वाढवतो," गंगाधरराव म्हणाले.

"वाढवा की," आहेर म्हणाले. "एका बेदाण्यानं काय लय फरक पडनार नाय."

सगळ्यांनी भरलं. चौथं पान उलटलं. तोही राजाच.

इथे गंगाधररावांचं काहीतरी झालं. दिवाणखाना मागे सरकला. पंख्याच्या घरघरीत त्यांना लांबवरचे पंख ऐकू येऊ लागले. समोर पाणी पसरलं, त्यावर धुकं उतरलं, धुक्यात एका पायावर उभे गुलाबी पक्षी. शेजारी शाल लपेटून इंदिरा बसलेली, थर्मासमधून वाफाळता चहा ओतणारी. गंगाधररावांच्या तोंडून मधून मधून "वाढवतो" एवढंच येत होतं, आणि हात आपला आपण चालला होता. एक बेदाणा डावात, दोन तोंडात. फार गोड बेदाणे होते ते. सुखात असलेल्या माणसाला काहीही गोडच लागतं म्हणा.

"गर्गेभावजींना भारी पानं आलेली दिसताहेत," ज्योत्स्नाताई आहेर म्हणाल्या.

"मग सोडतेस का?" आहेरांनी विचारलं.

"एका बेदाण्यासाठी? वा!"

पाचवं पान आलं. दुर्री. आहेरांनी एक बेदाणा टाकला, ज्योत्स्नाताईंनी टाकला, अमोलने टाकला. इंदिराबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली, नवऱ्याच्या पुढ्यात एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मी एक वाढवते."

पाण्यावरून परत यायला गंगाधररावांना जरा वेळ लागला. हसतच त्यांनी हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. त्यांनी खाली पाहिलं. पुढ्यात बेदाण्याचा एक देठ पडला होता.

"देठ चालेल का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"काका," अमोल आनंदाने पुढे सरकला, "मागच्या महिन्यात मी डब्यातून चार उसने मागितले होते, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

गंगाधररावांनी देठ उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"'उधारी चालणार नाही. संपले की पानं खाली.' उभं राहून म्हणाला होतात."

आपलाच नियम, आपल्याच घरात. गंगाधररावांनी चारी राजांचा निरोप घेतला आणि पानं खाली ठेवली. बाकीच्यांनी भरलं आणि पानं उघडली. आहेरांकडे सत्ती, बाकीच्यांकडे तेवढंही नाही. इंदिराबाईंनी एका नव्वीवर तो डोंगराएवढा ढीग ओढला. गंगाधररावांना मनापासून रडू आलं होतं, पण चारचौघांत बेदाण्यांवरून रडायचं कसं?

"बोला वहिनी, कुठं न्यायचं?" आहेरांनी विचारलं.

"नांदूरमध्यमेश्वरला."

गंगाधररावांनी मान वर केली. "इंदिरा!"

"तुम्ही चौघं जा. मी घरी झोपणार आहे. उठेन तेव्हा उठेन."

"अगं, पण मघाशी डोळ्यांसमोर तूच होतीस! धुकं, पक्षी, आणि तू शेजारी बसून चहा ओततेयस..."

"हो का? आणि तो थर्मास पहाटे उठून भरला कोणी?"

स्वप्नाच्या त्या भागाकडे गंगाधररावांनी कधी लक्षच दिलं नव्हतं.

त्या दिवशी शिरा झाला नाही. जिंकलेले बेदाणे इंदिराबाईंनी डब्यात भरले आणि डबा ओट्यावर ठेवून दिला.

पुढच्या रविवारी अंधार असतानाच गंगाधरराव स्वयंपाकघरात शिरले. चहाची पूड सापडली, दूध सापडलं. साखर काही सापडेना. इतक्या वर्षांत साखर कुठे असते हे विचारायची वेळच आली नव्हती. ते विचारायला खोलीच्या दारापर्यंत गेले. इंदिराबाई गालाखाली हात घेऊन गाढ झोपल्या होत्या, आणि त्या इतक्या सुखात दिसत होत्या की गंगाधरराव पाय न वाजवता मागे फिरले. ओट्यावर बेदाण्यांचा डबा दिसला. दोन मुठी त्यांनी चहात टाकल्या आणि बराच वेळ उकळू दिलं.

पाण्यावर धुकं होतं. रोहित पक्षी होते, अगदी एका पायावर. झोपमोड झाल्यामुळे कोणीही काहीही बोलत नव्हतं. गंगाधररावांनी सगळ्यांना चहा ओतून दिला.

आहेरांनी घोट घेतला, पेल्यात डोकावून पाहिलं आणि बोटाने एक फुगलेला बेदाणा बाहेर काढला.

"गंगाधरराव, हे मागच्या रविवारचं हाय का?"

"माझे चार राजे," गंगाधरराव पाण्याकडे बघत म्हणाले.

"ते खरं. पण धुतले व्हते ना?"

धुक्यातून पक्ष्यांचा एक थवा उठला. गंगाधररावांना काही ऐकू आलं नाही.