परबकाकांचा स्थिरांक

गेल्या सभेला आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले एकवीस जण हजर होते. वीस जण गळक्या टाकीवरून भांडत होते. एकविसावे परबकाका आमची वर्गवारी करत होते.

"सावंत म्हणजे चल. दर सभेला किंमत बदलते. नाईक नवरा-बायको बेरीज, मध्ये नुसतं अधिकचं चिन्ह. आणि तू रे? तू स्थिरांक. पंधरा वर्षं तोच शर्ट!"

शर्ट तीन आहेत. रंग एक आहे. हिशेब तपासणं हा माझा धंदा, म्हणून नोंद केली.

काका पवईच्या एका प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आणि लिस्प नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायला बसले. बीजगणितातलं काहीही द्या, तो सांगतो : स्थिरांक, चल, बेरीज, गुणाकार की घात. हेच काम माझी आठवीतली मुलगी फुकटात करते, असं मी एकदा म्हणालो. महिनाभर जिन्यात ओळख मिळाली नाही. लिस्पमध्ये कंसात कंस असतात. काका बोलतातही तसेच. तळमजल्यावर उघडलेलं वाक्य तिसऱ्या मजल्यावर बंद होतं.

मग जुने सहकारी प्रोग्राम बघायला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी मला बोलावणं आलं.

"चूक काढून दाखव, मेल्या! बारा वर्षांचं काम आहे. त्यांच्यासमोर नाचक्की नको."

चुका शेवटी लपतात, म्हणून मी झेडपासून उलटा निघालो. झेड, चल. वाय, चल. एमला उत्तर आलं : स्थिरांक.

"सापडली!" मी जवळजवळ ओरडलोच. स्थिरांकांच्या यादीत ३.१४ वाल्या पायच्या खाली एम बसला होता. "काका, हा इथे कसा?"

काका चष्मा पुसत राहिले.

"तुझी मंगलकाकू इस्पितळात होती ना, तेव्हा बाकड्यावर बसून लिहिली ती ओळ. रोज बदलत होती रे ती. एक दिवस चेहरा, एक दिवस आवाज. म्हटलं, निदान इथे तरी..."

हा कंस बंद झाला नाही.

"काढू?" त्यांनी विचारलं. बोट कळीवर होतं, दाबत नव्हतं.

"राहू द्या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिघे पाहुणे आले. सगळं झकास चाललं होतं. शेवटी त्यातल्या एकाने एम टाइप केला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "परब, हा स्थिरांक?"

काकांनी मान खाली घातली.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "मी तपासलंय."