हरिश्चंद्र सरांच्या हरवलेल्या अळ्या

शुक्रवारी मधल्या सुट्टीत अळ्या हरवल्याचं कळलं, तेव्हा हरिश्चंद्र सरांनी हातातला घास तसाच डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी नववीचे पालक शाळेत येणार होते. डेंग्यू कसा टाळायचा, हे मुलं त्यांना सांगणार होती आणि डासांच्या जिवंत अळ्या भिंगातून दाखवणार होती. अळ्यांची बरणी प्रयोगशाळेच्या खिडकीत होती. पण स्वच्छ धुतलेली आणि पालथी.

"बबन, यात पाणी होतं ना?"

"होतं ना सर. आत वळवळत पण होतं," शिपाई बबन अभिमानाने म्हणाला. "तुम्ही शिकवत होता, मी दाराबाहेर ऐकलं. अळी दिसली की पाणी कोरड्या जमिनीवर ओता, भांडं घासा. मी तर काथ्याने घासलं!"

सरांना रागवायलाही जागा उरली नाही.

"नो टेन्शन, सर," नववीच्या अळी-तपासणी पथकाची प्रमुख कृतिका म्हणाली. "आपल्या राई गावात अळ्यांना काय तोटा? संध्याकाळपर्यंत आणतो."

पण तोटा होता. हेच पथक दर शनिवारी गावात घरोघर फिरत होतं. ज्या घरी अळी सापडेल त्याच्या दारावर लाल खडूने गोल काढायचा आणि पुढच्या तपासणीपर्यंत पुसायचा नाही, हा सरांचाच नियम. त्या गोलाच्या धाकाने लोकांनी पिंपं, कुंड्या, फ्रिजमागचे ट्रे सगळं कोरडं केलं होतं. मुलं रिकाम्या बरण्या घेऊन थेट शेजारच्या मुर्धा गावापर्यंत हिंडली आणि तशीच परत आली.

सरांच्या शेजारच्या इंदुबाईंनी तर मुलांना उंबऱ्यातच अडवलं.

"अळ्या मागाया आलात व्हय? मागं गोल काढला, तवा माझे व्याही दार बघूनच चहा न पिता गेले!"

"आजी, दोन-चार असतील तर बघा ना, प्लीज."

"एक पण न्हाय! माझं घर चकाचक हाय. जा, तुमच्या सरांकडं बघा!"

इंदुबाई रागाने बोलल्या, पण मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांचं घर आजवर कोणी तपासलंच नव्हतं.

सरांच्या मागच्या अंगणात सिमेंटचं टाकं होतं. त्यात त्यांच्या पत्नीने, शुभदाताईंनी, कमळ लावलं होतं. त्या वारल्यापासून सर रोज सकाळी त्यात तांब्याभर पाणी घालत आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. संध्याकाळी मुलं सरांना घेऊनच तिथे गेली आणि कृतिकाने मोबाइलचा उजेड आत पाडला.

"सर... जॅकपॉट!"

टाक्यात अळ्यांची जत्रा भरली होती.

"अगं, मी रोज ताजं पाणी घालतो," सर म्हणाले.

"वरून घालता, सर. खाली जुनंच राहतं. तुम्हीच शिकवलंय."

इंदुबाई कुंपणावरून बोलल्या, "अवो मास्तर, शुभदा दर रविवारी टाकं उपसून घासायची. तुमी तवा घोरत असायचे! उठायच्या आत कमळ परत जागेवर."

सर टाक्याकडे बघत राहिले. मग एकदम हसायला लागले. इतक्या महिन्यांनी ते हसणं ऐकून इंदुबाई घाबरल्याच.

"आणि मी समजत होतो, कमळ आपलं आपण जगतंय!" सर डोळे पुसत म्हणाले. "कृतिका, बरणी भरून घे. खडू आणलायस ना?"

"सर, तुमच्या दारावर कसं काढू?"

"दे इकडं पोरी," इंदुबाईंनी खडू हिसकावला. "मी काढते!"

आणि त्यांनी जेवणाच्या ताटाएवढा गोल काढला.

शनिवारी पालकांनी भिंगातून अळ्या पाहिल्या. "बापरे! कुठून आणल्या एवढ्या?" एका आईने विचारलं. सगळा वर्ग सरांकडे वळला.

"माझ्या घरून," सर म्हणाले. सगळ्यात मोठ्याने टाळी बबनने वाजवली.

रविवारी सर लवकर उठले आणि त्यांनी टाकं उपसून काथ्याने घासलं. दारावरचा गोल पुढच्या तपासणीपर्यंत राहील. कमळ बादलीत काढून ठेवलं आहे. ते परत जागेवर कसं लावायचं, हे शिकायचं राहिलं आहे.