धामण की फालसा

१४ जानेवारी १९९७, मंगळवार. संक्रांत, म्हणून ऑफिसला सुट्टी. कढईतला पाक गरम होता आणि मी हाताला तूप लावून तिळाचे लाडू वळत होते. हे काम पाच मिनिटांत उरकावं लागतं, नाहीतर मिश्रणाचा दगड होतो. नेमक्या त्याच पाच मिनिटांत मागच्या भिंतीवरून टेंभेकरांचं डोकं वर आलं. तोंडात झाडाच्या सालीचा तुकडा होता.

"वहिनी, लाडू करून राहिल्या का? दोन मिनिटं बाहेर या बरं. लोड द्यायचा आहे, वजन टाकून बघायचं."

"भाऊजी, माझे हात भाजतायत."

"मग हवेत या, थंड होतील."

टेंभेकर झाडं चाखून ओळखतात. पान कुस्करून, हुंगून आणि शेवटी चावून. एकदा लखनौच्या अलीगंजातल्या बागेत ते कण्हेरीचं पान तोंडात घालायला निघाले होते, तेव्हा मीच हातावर फटका मारला. "विषारी आहे हे माहीत आहे," ते म्हणाले, "पण किती, ते कुठे माहीत आहे?"

ते मूळचे भंडाऱ्याकडचे. सारी नोकरी रेल्वेचे पूल बांधण्यात झाली. रिटायर होऊन लखनौतच राहिले, कारण एकुलती एक मुलगी इथे दिली होती. नंतर बायको वारली. आम्ही साताऱ्याकडचे, यांच्या बँकेच्या बदलीने त्यांच्या शेजारी येऊन पडलो. कॉलनीत मराठी घरं ही दोनच, त्यामुळे टेंभेकर माझ्या वाट्याला पूर्ण आले.

कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकच मत: "लोडखाली बघू." नवं सरकार आलं, लोडखाली बघू. आमच्या मुलाला नोकरी लागली, लोडखाली बघू. माझी पोळी त्यांनी एकदा मापाच्या चिमट्यात धरून सांगितलं, "मधे दीड मिलिमीटर, कडेला अडीच. लोड कडेला आहे, वहिनी." त्यानंतर महिनाभर मी त्यांना पोळी दिली नाही. भात मोजता येत नाही.

तोंडातली ती साल माझ्याच अंगणातल्या झाडाची. माझं ऊन अडवायचं, रजयांवर पानं टाकायचं, म्हणून मी दोन वर्षांपूर्वी ते तोडायला माणूस बोलावला होता. टेंभेकर भिंतीवरून उडी मारून आले. वयाच्या बासष्टाव्या वर्षी. त्यांनी त्या माणसाची कुऱ्हाड धरली, साल सोलली, चावली आणि डोळे मिटले.

"चिकट आहे! वहिनी, ही धामण आहे. आमच्याकडे हिची धनुष्यं करतात. वाकते, पण मोडत नाही."

आनंद मावेना, म्हणून त्यांनी पलीकडच्या मिश्राजींना हाक मारली. "मिश्राजी! भाभीजी के आँगन में धामन निकली है! पूरी बीस फुट की!"

इथे धामन म्हटलं की लोकांना सापच आठवतो, हे टेंभेकरांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही. पाच मिनिटांत मिश्राजी, त्यांचे दोन मेहुणे आणि समोरचे सरदारजी काठ्या आणि रॉकेलचा डबा घेऊन माझ्या स्वयंपाकघरातून आत घुसले.

"किधर है?"

"सामने तो खड़ी है," टेंभेकर कौतुकाने म्हणाले.

"खड़ी है?" मिश्राजी स्टुलावर चढले.

"हाँ, खड़ी है। सर्दियों में इसकी एक बाँह काटेंगे, साल भर खटिया के नीचे सुखाएँगे।"

मिश्राजींच्या बायकोने त्या दिवसापासून टेंभेकरांच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

मग टेंभेकरांना सरकारी शिक्का हवा झाला. इथल्या झाडापानांच्या एका मोठ्या संस्थेत ते फांदी घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, फूल आणा. चार महिने टेंभेकर रोज सकाळी माझ्या अंगणात फूल बघायला. मी केस धुवून उन्हात बसलेली असले तरी. एप्रिलमध्ये बारीक पिवळी फुलं आली, ती डब्यात घालून गेले आणि पडलेल्या तोंडाने परत आले.

"काय झालं?"

"फालसा म्हणाला. जंगली फालसा."

"सरबताचा?"

"खानदान एकच आहे," ते गुरगुरले. "धामणीचा भाऊ. त्यालाही लोडखाली बघू."

या झाडाचं धनुष्य करायचं ते कुणासाठी, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वैजूसाठी. वैजयंती म्हणजे त्यांची मुलगी. गोमती नगरात राहते, टेम्पोने पाऊण तास, आणि वर्षातून दोनदा येते. लहानपणी टेंभेकरांचं पोस्टिंग बिहारात सिंहभूमकडे असताना तिथल्या आदिवासी मुलींबरोबर ती धनुष्य चालवायला शिकली होती, चांगलं चालवायची. "हातात दिलं की पुन्हा ओढेल," ते म्हणायचे. मला वाटायचं, रिकामा म्हातारा, काहीतरी नाद हवा.

मागच्या जानेवारीत सरळशी फांदी तोडली. टोकांना मेण लावलं, उभी चिरून दोन तुकडे केले आणि खाटेखाली ठेवले. पावसाळ्यानंतर तासायला घेतलं. रंधा, कानस, मग फुटक्या बाटलीच्या काचेने खरवडणं. बाहेरचा थर अजिबात कापायचा नाही, आतलाच पातळ करत जायचा, आणि मुठीच्या दोन्हीकडचे बाहू सारखे वाकले पाहिजेत. माझ्या अंगणात भुशाचा सडा. दिवाळीच्या आदल्या दिवशी पहिला तुकडा दोरी लावून ओढला आणि तो मधोमध मोडला.

मी भिंतीपाशी गेले, तर टेंभेकर दोन तुकडे हातात घेऊन खाली बसले होते.

"असाच आवाज आला होता," ते म्हणाले.

"कधी?"

"वैजूचं मी गुडघ्यावर मोडलं तेव्हा."

सतरा वर्षांची होती. राज्याच्या शिबिरात निवड झाली होती आणि त्याच आठवड्यात लखनौचं स्थळ आलं होतं. शिबीर दोन महिन्यांचं, पाहुणे रविवारी येणार होते. टेंभेकरांनी धनुष्य मोडलं आणि पाहुण्यांना बायोडाटा टाइप करून दिला.

मी "बरं नाही केलंत" एवढं म्हटलं. त्यांनीही "नाही केलं" म्हटलं. एवढंच. मला दया आली नाही, खरं सांगते. माझ्या डोळ्यांसमोर ती मुलगी होती.

दुसऱ्या तुकड्यावर त्यांनी दोन महिने काढले. तोच आज तयार झाला होता, आणि आज वैजू तिळगुळाला येणार होती. म्हणून मी हातावरचं तूप पुसून बाहेर गेले. भिंतीतल्या खिळ्यावर धनुष्य अडकवलेलं, दोरीला वजनाचा काटा. मी काटा खाली ओढत होते आणि ते चार पावलं मागे उभे राहून दोन्ही बाहू बघत होते. लाकूड वाकलं, गोल, कुठे खोच नाही. कुरकुरलंसुद्धा नाही. टेंभेकरांनी तोंडातली साल थुंकली. माझे लाडू मात्र तोवर दगड झाले होते.

संध्याकाळी पाच वाजता वैजू आली. आधी माझ्याकडे, मग आम्ही दोघी त्यांच्याकडे. ती माझ्याशीही हिंदीतच बोलते. "काकू, आपके लड्डू इस बार तोड़ने पड़ेंगे।" टेंभेकरांनी धनुष्य आणून तिच्यापुढे धरलं. भाषण पाठ केलेलं असणार, पण अडकलं.

तिने घेतलं. बोटाने दोरी चाचपली, पाय आपोआप वेगळे झाले, खांदा मागे गेला आणि तिने ते हनुवटीपर्यंत ओढलं. क्षणभर धरलं. मग सावकाश सोडलं, रिकामी दोरी झटक्याने सोडत नाहीत म्हणून.

"बहुत अच्छा बना है, पापा।"

"ने ना मग."

"किसलिए? आपने ही तो टाइप किया था, हॉबी: बुनाई।" ती हसत होती. "सासूमाँ ने पहले ही महीने ऊन लाकर दे दी थी। बारह साल से स्वेटर बुन रही हूँ।"

धनुष्य तिने खुर्चीला टेकवलं, चहा अर्धा ठेवला आणि साडेपाचचा टेम्पो धरायला निघून गेली.

टेंभेकर दारातच उभे. मी कपबश्या उचलल्या. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "लांबी बरोबर होती ना?"

"साडेसव्वीस इंच," ते म्हणाले. "तिची ओढ. सतरा वर्षांची असतानाही तेवढीच होती." मग धनुष्य माझ्या हातात दिलं. "वहिनी, तुमच्या झाडाचं आहे. बंबात घाला."

मी ते घरी आणलं. रात्री यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, फालसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा कळवली, धनुष्य जुन्या चादरीत गुंडाळलं, पिशवीत हळदीकुंकवाचा करंडा घेतला आणि गोमती नगरचा टेम्पो पकडला. टेम्पोत शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "मच्छरदानी का डंडा है?" मी हो म्हटलं. दार वैजूनेच उघडलं. मागे सासूबाई लोकर गुंडाळत बसल्या होत्या. मी उंबऱ्यातच तिला हळद लावली, कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि मग चादर सोडून धनुष्य तिच्या हातात दिलं.

"काकू, ये..."

"वाण आहे," मी म्हटलं.

ती हसली नाही. पण संक्रांतीचं वाण परत करत नाहीत, एवढं मराठी तिला येत होतं.