पिवळ्या बुटांची रजा

"रजा नाही," साहेब अर्ज न वाचताच म्हणाले. "तुम्ही गेलात तर चारची परेड कोण काढणार?"

बदककाकांचा हा पाचवा अर्ज. चौथा साहेबांपर्यंत पोचलाच नव्हता. वाटेत बोकडाने तो सहीसकट खाल्ला होता. सार्वजनिक बागेतल्या प्राण्यांच्या कोपऱ्यात शेळ्या, मेंढ्या, एक रुसकं गाढव अशी पुष्कळ मंडळी होती, पण गर्दी लोटायची ती सतरा बदकांसाठी. रोज चारच्या ठोक्याला काका खुराड्याचं दार उघडायचे आणि सतराच्या सतरा बदकं त्यांच्यामागे एका ओळीत तळ्यापर्यंत चालत जायची. दुसऱ्या कुणामागे एक पाऊल नाही. काका एकदा दाढ काढायला गेले, तर बदकं दिवसभर उपाशी बसली. संध्याकाळी काकांपेक्षा त्यांचेच गाल सुजलेले दिसत होते, असं बघणारे अजून शपथेवर सांगतात.

"अंड्यातून निघाल्यापासून मलाच बघतायत ती," काका मिशीवर हात फिरवत म्हणायचे.

काकूंना या कौतुकाचा वीट आला होता. "नात अकरा महिन्यांची झाली. लेक विचारते, बाबा कधी येणार? काय सांगू, बदकं सोडत नाहीत?"

"मग त्यात खोटं काय आहे?"

"या महिन्यात नाही आलात ना, तर मी एकटी जाते. तुम्ही बसा क्वॅक क्वॅक करत."

काकांनी साहेबांचं डोकं खाल्लं, तेव्हा साहेबांनी तोडगा काढला: माळ्याला तयार करा आणि खुशाल जा. माळ्याने काकांचा सदरा चढवला, टोपी घातली, काकांसारखी हाक मारली, काकांसारखा डावा पाय ओढत चालला. बदकं ढिम्म. तिसऱ्या दिवशी एकाने माळ्याच्या पोटरीला चावा घेतला.

"आता मिशी तेवढी राहिली," माळी कळवळला. "तुमची रजा गेली खड्ड्यात, मला माझी गुलाबं बघू द्या."

त्याच दुपारी वरच्या कार्यालयातले पाहुणे यायचे होते आणि त्याच दुपारी नळ फुटला. फाटकापर्यंत गुडघाभर चिखल. बूट रुततात म्हणून काका अनवाणीच नळ बांधायला उतरले. त्यांचे पिवळे गमबूट, डाव्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ, पायरीवर उभे होते. साहेबांना आपल्या चकचकीत जोड्यांची काळजी. त्यांनी काही न विचारता गमबुटांत पाय घातले आणि पाहुण्यांना आणायला निघाले.

खुराड्याचं दार उघडंच होतं. सतरा बदकं उठली आणि ओळीने साहेबांच्या मागे लागली.

साहेब थांबले की ती थांबायची. साहेब पळाले, तीही पळाली. साहेब कचेरीत शिरले, ती शिरली. साहेबांनी आतून संडासाची कडी लावली, तर सतरा चोची दारावर ठकठक करू लागल्या.

"काका! आवरा यांना!"

काका चिखलाने माखलेल्या अनवाणी पायांनी धावत आले, घसा फोडून हाका मारल्या. एका बदकाने मान वळवून बघितलं असेल तर शपथ! शेवटी साहेबांनी दाराच्या वरून बूट बाहेर फेकले. बदकं बुटांभोवती गोल करून निवांत बसली.

साहेब बाहेर आले. एकदा बुटांकडे बघितलं, एकदा काकांकडे.

"म्हणजे तीन वर्षं मी तुम्हाला उगाच अडवून धरलं? आठ दिवस रजा मंजूर! बूट माळ्याला देऊन जा."

काकू हसून हसून बेजार झाल्या. "अहो, एवढंसं पिल्लू ते! त्याला खालून तुमचं तोंड दिसणार तरी कुठं?"

काका दोन दिवस नीट जेवले नाहीत.

लेकीकडेही फार सुख नव्हतं. आजोबांची मिशी दिसली की नात भोकाड पसरायची. दुसऱ्या दिवशी काका कोपऱ्यात तोंड पाडून बसले असताना साहेबांचा फोन आला.

"काका, माळ्याने पिवळे गमबूट घातलेत, तरी बदकं हलत नाहीत! दाण्याला तोंड लावत नाहीत!"

काकांचा चेहरा एकदम उजळला. "साहेब, मुकी जनावरं असली तरी माणूस ओळखतात हो. बुटाला काय माया असते?"

"उद्याच्या उद्या निघून या!"

इकडे काकू नातीचं झबलं शोधायला काकांची पिशवी उपसत होत्या. तळाशी जुन्या पेपरात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. त्यांनी ते जमिनीवर ठेवून उलगडलं. पिवळे गमबूट. डाव्यावर ठिगळ.

"आणि माळ्याला?"

"कोठारातला नवा जोड दिला," काका पुटपुटले.

काकूंनी फोन हिसकावून घेतला. "साहेब, उद्या पहिल्या गाडीने पाठवते."

"काकांना ना?"

"छे! बदकांना हवेत त्या खऱ्या बुटांना!"

पण मघापासून भोकाड पसरलेली नात एकदम रडायची थांबली होती. डोळे विस्फारून ती पिवळ्या बुटांकडे बघत होती. मग ती खुदकन हसली आणि रांगत त्यांच्याकडे निघाली.

काकांनी काकूंकडे बघितलं. हळूच उठून बुटांत पाय घातले आणि डावा पाय ओढत खोलीभर चालू लागले. मागोमाग नात.

"हॅलो?" फोनमधून साहेब ओरडत होते. "कधी पाठवताय?"

काकू बराच वेळ ते बघत राहिल्या.

"आठ दिवसांनी," त्या म्हणाल्या. "रजेवर आहेत ते."