लाटेच्या नजरेतून

जिवाशी गाठ असलेली सूचना साध्या शब्दांत लिहिली की ती कुणी वाचत नाही, हे सुधारलेल्या समाजाचं पहिलं लक्षण. शिओनाकी हे जपानमधलं बंदराचं गाव या बाबतीत चांगलंच पुढारलेलं होतं. गावभर एकच फलक लावलेला: ‘जमीन हादरली की देवळाच्या टेकडीवर चढा’, आणि खाली बाण. पाहणीत ऐंशी टक्के लोकांनी असा फलक पाहिलाच नसल्याचं सांगितलं. (उरलेले वीस टक्के त्याला सायकल टेकवत.)

नवा फलक करायचं काम नगर कार्यालयातल्या नोमोतो शिझुएकडे आलं. चित्रकलेची पदवी घेऊन ती इतकी वर्षं कचऱ्याच्या वेळापत्रकावर ओल्या कचऱ्याची खूण म्हणून माशांचे काटे रंगवत होती. तिनं आधीपेक्षा मोठा बाण काढला. विभागप्रमुख कुसुदा यांनी तो हातभर लांब धरून पाहिला.

“बाई, हे समजतंय.”

“हो, साहेब.”

“लगेच समजतंय. मग माणूस थांबेल कशाला? जरा वेगळ्या जागेवरून बघा.”

शिझुएनं घारीच्या नजरेतून गाव काढलं. टेकडी भाकरीसारखी सपाट झाली. मुंगीच्या नजरेतून काढलं. नुसते बुटांचे तळवे दिसले. साहेबांची मान काही डोलेना. शेवटी वैतागून तिनं लाटेच्या नजरेतून काढलं: खाली इवलंसं गाव आणि वर पाहणारे चेहरे. त्यांत सर्वांत पुढे तिची आई उमेनो. टेकडी चौकटीत मावेना, ती गेली. अक्षरांनी चित्राचा तोल जात होता, तीही गेली. शिझुएला हे खटकलं. पण साहेबांचे डोळे पाणावलेले पाहून तिनं चित्र तसंच मंजुरीला दिलं.

फलक थेट धक्क्याच्या टोकाला उभारला. (लाटेची नजर लाटेच्या जागेवरूनच अनुभवावी, असा ठराव झाला.) त्याला पारितोषिक मिळालं. लांबून लोक येऊ लागले. धक्क्यावर सुकी मासळी विकणारी उमेनो गिऱ्हाइकांना हाताला धरून चित्रातला स्वतःचा चेहरा दाखवू लागली. फलक पाहिलेल्यांचं प्रमाण सत्त्याण्णव टक्क्यांवर गेलं.

मग एका सकाळी जमीन हादरली आणि भोंगा वाजला. शिझुए टेकडीवर पोचली. वर सगळं कार्यालय हजर होतं. (त्यांना लेखी आदेश होता.) गावातले थोडे होते, आई नव्हती. कुसुदा मागून हाका मारत राहिले. ती परत खाली धावली.

धक्क्यावर फलकासमोर रांग लागली होती.

“आई, चल.”

“थांब गं. हे पाहुणे ओसाकाहून आलेत, माझ्यासोबत फोटो हवाय त्यांना. आज तर चित्र अगदी खरं वाटतंय.”

शिझुएनं तिचं मनगट धरलं आणि ओढत नेलं. आई सगळा चढ तिला शिव्या घालत होती. त्या ऐकायला म्हणून रांग मागोमाग आली.

लाट आली ती गुडघाभर. धक्क्यावरची मासळी गेली; फलक जागचा हलला नाही. अहवालात नोंद झाली: ‘आपत्तीच्या वेळीही नागरिक फलकाकडे आकर्षित झाले. उद्दिष्ट सफल.’

शिझुएनं स्वतःच्या हातानं फलकावर साधा बाण रंगवला. चित्र विद्रूप केल्याबद्दल तिला पुन्हा कचऱ्याच्या वेळापत्रकावर पाठवण्यात आलं. आई तिच्याशी अजून बोलत नाही.

तर असे हे लोक. तुमच्या इमारतीतही जिन्याच्या भिंतीवर, आग लागली तर काय करायचं ते लिहिलेलं आहे. काय लिहिलंय?